ऑर्डर हातात आहे, तरी माणूस घेत नाही: हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं प्रकरण

आधीच सांगून टाकतो, मी अर्थशास्त्रज्ञ वगैरे नाही. नागपुरातल्या छोट्या कारखान्यांचे सीसी लिमिट (बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) रिन्यूअलचे कागद बनवतो. सीएमए डेटा (बँकेला द्यायचे विक्री-नफ्याचे अंदाज), महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट, बँकेच्या क्वेरीला उत्तरं, एवढंच माझं काम. पण या कामात एक फायदा असतो, मालक माइकसमोर काय बोलतो आणि त्याच्या लेजरमध्ये काय चाललंय हे दोन्ही एकाच आठवड्यात बघायला मिळतं. हे प्रकरण ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळातलं आहे. आकडे गोल केलेत आणि ओळख पटू नये म्हणून दोनचार गोष्टी इकडच्या तिकडे केल्यात, गणित मात्र जसंच्या तसं आहे.

कारखाना हिंगण्याचा, पार्टनरशिप फर्म, कन्व्हेअरचे रोलर बनवतो. कोळसा किंवा खनिज वाहून नेणारा रबरी पट्टा ज्यावर फिरतो ते रोलर. आपल्या भागात कोळशाच्या खाणी आहेत, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरसारखी वीज केंद्रं आहेत, तिकडे गडचिरोलीत लोहखनिजाचं काम वाढलंय, म्हणजे पट्टे फिरत राहणार आणि रोलर झिजत राहणार, मागणीची चिंता तशी नाही. काम दिसायला साधं आहे. पाइप कापायचा, दोन्ही टोकं आतून बोअर करायची, पत्र्याची प्रेस केलेली हाउसिंग दोन्हीकडून एकदमच वेल्ड करायची, शाफ्ट घालायचा, बेअरिंग दाबायचं, सील, ग्रीस, सर्क्लिप, झालं. पण मालक अजूनही प्रत्येक लॉटमधले पाचसहा रोलर स्वतः उचलून शाफ्ट मांडीवर टेकवतात, हाताने फिरवतात आणि कान लावून ऐकतात. आवाज जरा जरी खरखरला तरी लॉट बाजूला. टेस्टिंगचा बेंच आहे, रिपोर्ट त्यावरूनच जातो, पण विश्वास कानावरच.

विक्री वर्षाला ६ कोटींच्या आसपास, म्हणजे महिन्याला ५० लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५९ लाखांचं बिलिंग. माणसं ३१. त्यातली २२ मस्टरवर, ९ ठेकेदाराची. सुपरवायझरला सगळे मामा म्हणतात, त्यांच्या हजेरीच्या वहीत मस्टरवाल्यांची नावं पेनने आणि ठेकेदाराच्या पोरांची पेन्सिलीने. का विचारलं तर म्हणाले, "नावं बदलत राहतात ना भाऊ, खोडाखोड होते."

फॉर्म

ऑक्टोबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या ऑफिसात बसलो होतो. तेव्हाच एका उद्योग संघटनेकडून व्हॉट्सॲपवर फॉर्म आला. नेहमीचाच, मागच्या तीन महिन्यांत ऑर्डर वाढल्या, कमी झाल्या की तेवढ्याच, उत्पादन कसं, माणसं किती, पुढच्या तीन महिन्यांत परिस्थिती सुधारेल, बिघडेल की तशीच राहील. चहा येईपर्यंत मालकांनी भरूनही टाकला. ऑर्डर वाढल्या. पुढचे तीन महिने सुधारेल. माणसं तेवढीच.

आणि त्याच टेबलावर एका मोठ्या ठेकेदार कंपनीची ऑर्डरसाठीची एन्क्वायरी पडलेली होती, ४,२०० रोलर, चार महिन्यांत द्यायचे, नगाला साधारण १,४५० रुपये. म्हणजे ६१ लाखांचं जास्तीचं काम, नेहमीच्या कामावर. मामांचा हिशोब तयारच होता, पाच माणसं जास्तीची लागतील, त्यातले दोन वेल्डर, आणि दुसरी पाळी लावायची. मालकांनी कागद उलटा करून ठेवला.

मला हे विचित्र वाटलं. जो माणूस आत्ता "सुधारेल" असं लिहितो तो समोर आलेल्या कामाकडे पाठ का फिरवतो? मी तसं म्हटलंही. त्यावर जे उत्तर आलं ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं: "ऑर्डरचं काय घेऊन बसले भाऊ, ऑर्डर तं कोणीबी देते. पैसे कोण देऊन राहिलं ते सांगा."

इथे या फॉर्म प्रकाराबद्दल थोडं बोलायला पाहिजे. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखान्यांचा असाच सर्व्हे करते, त्यातून जो निर्देशांक निघतो त्यात १०० च्या वर म्हणजे बरं आणि खाली म्हणजे वाईट. दर महिन्याला बातम्यांत येणारा पीएमआय, म्हणजे खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक, असतो, त्यात ती रेघ ५० वर. दोन्ही कामाचे आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण रिझर्व्ह बँकेचा सर्व्हे लिमिटेड कंपन्यांचा असतो, आमची पार्टनरशिप त्यात नाहीच. पीएमआयला देशभरातले साधारण ४०० उत्पादक पुरतात, त्यातून नागपूरचा असा वेगळा आकडा निघत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या सर्व्हेत जी वजाबाकी करतात ती "सुधारलं" म्हणणाऱ्यांच्या टक्क्यातून "बिघडलं" म्हणणाऱ्यांचा टक्का वजा, अशी असते. "तसंच आहे" म्हणणारा त्या वजाबाकीत कुठेच दिसत नाही. आणि आपल्या नागपुरात तर बाप्पा, "तसंच आहे" यात काय काय मावतं ते इथल्यालाच माहीत.

दिवस मोजले

मग मी एक काम केलं जे खरं तर आधीच करायला हवं होतं. बारा महिन्यांची डिस्पॅच बुकं, बिलं आणि बँक स्टेटमेंट घेऊन बसलो आणि प्रत्येक बिलाचा प्रवास तारखांनी लिहिला. माल गेटमधून निघाला कधी, समोरच्याच्या स्टोअरने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केली कधी, बिल पास झालं कधी, पैसे आले कधी.

दोन वर्षांपूर्वी माल निघाल्यापासून पैसे यायला सरासरी ६० दिवस लागत होते. आता १२०. त्यातले २६ दिवस नुसते जीआरएनला जातात. माल साइटवर पडलेला असतो पण इन्स्पेक्शनवाला आला नाही, स्टोअरकीपर सुट्टीवर आहे, मोजणी व्हायचीय. नंतर ४३ दिवस बिल पास व्हायला, साइट इंजिनिअरची सही, मग हेड ऑफिस, मग अकाउंट्स. आणि पास झालेलं बिल ५१ दिवस "पेमेंट लागलंय, आज-उद्यात होऊन जाईल" या अवस्थेत. यात कोणी एकटा बदमाश आहे असं नाही बरं का. आमचा मालक साखळीत चौथ्या पायरीवर उभा आहे, वर मूळ मालक कंपनी, मग मोठा ठेकेदार, मग त्याचा सबठेकेदार, मग हे. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आम्हाला आले की तुम्हाला.

२०२४ हे साल त्यात आणखी अवघड गेलं. मार्च ते जून लोकसभेची आचारसंहिता, मग पावसाळा, मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान. यांचं काम थेट सरकारी नाही, पण यांचे जे गिऱ्हाईक आहेत त्यांची इतर कामं सरकारी आहेत, तिकडे बिलं अडकली की त्याची झळ इकडे लागते. लोक म्हणतात खिसा एकच असतो, ते खरंच आहे.

आता ६० चे १२० दिवस झाले याचा पैशात अर्थ काय ते बघा. महिन्याचं बिलिंग ५९ लाख. दोन महिने जास्त थांबायचं म्हणजे १ कोटी १८ लाख रुपये जास्तीचे अडकले. ११ टक्क्यांनी त्याचं व्याज धरलं तर वर्षाला १३ लाखांच्या आसपास, महिन्याला १ लाख ८ हजार. मामांनी मागितलेली पाच माणसं, त्यांचा पगार, पीएफ, ईएसआय, बोनस सगळं धरून माणशी २१ हजार, म्हणजे महिन्याला १ लाख ५ हजार.

मी हे दोन आकडे कागदावर एकाखाली एक लिहून मालकांसमोर सरकवले. त्यांनी चष्मा खाली घेतला, बघितलं, म्हणाले, "म्हणजे पाच माणसं मी ठेवलेलीच आहेत, फक्त ते कामावर येऊन नाही राहिले."

बँकेचं आणखी वेगळं. छोट्या उद्योगाला साधारणपणे अपेक्षित विक्रीच्या २० टक्के खेळतं भांडवल मिळतं, यांचं लिमिट त्या हिशोबाने १ कोटी २० लाख. पण लिमिट म्हणजे हातात मिळणारी रक्कम नाही, हातात मिळते ड्रॉइंग पॉवर, म्हणजे स्टॉक आणि येणी बघून बँक प्रत्यक्ष जेवढं उचलू देते तेवढंच. आणि ९० दिवसांवरची येणी यांची बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाही. ऑक्टोबरअखेरच्या स्टेटमेंटमध्ये येणी होती २ कोटी ३० लाख, त्यातले १ कोटी १० लाख ९० दिवसांच्या वरचे, ते गेले. उरले १ कोटी २० लाख, त्यावर २५ टक्के मार्जिन कापून ९० लाख. स्टॉक ३५ लाखांचा, पण त्यातली ३० लाखांची देणी वजा करून तेच २५ टक्के मार्जिन कापलं की तिथून चार लाखांच्या आत. एकूण ड्रॉइंग पॉवर ९४ लाख. म्हणजे समोरच्याने पैसे द्यायला उशीर केला, आणि नेमका त्याच वेळी बँकेनेही २६ लाखांनी हात आखडता घेतला. पाऊस सुरू झाला की छत्री परत मागतात तसं. याउपर १० टक्के रिटेन्शनचे, म्हणजे समोरच्याने बिलातून राखून ठेवलेले, २२ लाख वेगळेच पडलेत, साइट चालू झाल्यावर मिळतील, आणि ती कधी चालू होईल ते कोणी सांगत नाही.

एक कबुली देतो. याच कारखान्याच्या सीएमए डेटात मी पुढच्या वर्षाची विक्री १५ टक्क्यांनी वाढवून दाखवली होती. तशी दाखवावीच लागते, नाहीतर लिमिट वाढत नाही. म्हणजे बँकेच्या फाइलमधला धंद्याचा आत्मविश्वास मीच टाइप केलेला होता.

मग कायदा आहे की

हे वाचून कोणीतरी म्हणणारच की ४५ दिवसांचा कायदा आहे ना. आहे. एमएसएमई कायदा २००६ चा आहे, माल पोचल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस, करार लेखी नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. ऑक्टोबर २०२४ मध्ये बँक रेट ६.७५ होता, म्हणजे २०.२५ टक्के. कागदावर असं व्याज तर सावकारालाही लाजवेल.

पण ते मागायचं कोणाकडे? सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार टाकता येत होती, २०१७ पासून ती सोय होती. मी दोनदा सुचवलं. मालक हसले. वर्षाची निम्मी विक्री ज्या दोन गिऱ्हाइकांकडे आहे त्यांच्यावर तक्रार टाकायची, आणि पुढचा एन्क्वायरीचा मेल कोण पाठवणार? पाण्यात राहून माशाशी वैर, दुसरं काय. मला आधी हा भित्रेपणा वाटायचा. आता वाटत नाही, कारण तक्रारीतून मिळेल ते व्याज आणि जाईल ते गिऱ्हाईक यांचा हिशोब मीच करून बघितलाय.

इन्कम टॅक्सचं कलम ४३बी(एच) मात्र खरंच चावतं. मायक्रो किंवा स्मॉल उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षात वजावटीत मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालं. पण त्याच्यात एक गोम आहे. पैसे उशिरा दिले तरी ३१ मार्चच्या आत दिले तर वजावट त्याच वर्षात मिळून जाते. म्हणजे एप्रिलचं बिल डिसेंबरपर्यंत लटकवलं तरी टॅक्समध्ये समोरच्याचं काही बिघडत नाही. परिणाम काय, तर मार्च २०२४ च्या शेवटच्या दहा दिवसांत यांच्याकडे ९४ लाख आले, त्याच्या आधीच्या अख्ख्या तिमाहीइतके. आणि एप्रिलपासून परत कोरडं. शेतकऱ्याला कसं वर्षातून एकदा पीक हातात येतं, तसं एमआयडीसीत आता मार्चमध्ये येतं.

ट्रेड्स नावाच्या ऑनलाइन सोयीचंही तेच. बिल ऑनलाइन टाकायचं, फायनान्सर बोली लावतो, पैसे काही दिवसांत. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी करायला सांगितलं, आधी ती मर्यादा ५०० कोटी होती. चांगली गोष्ट आहे. पण यांचा थेट खरेदीदार त्या मर्यादेच्या खाली आहे, आणि त्याने बिल ॲक्सेप्ट केल्याशिवाय ट्रेड्सवर काहीच हलत नाही.

विजेबद्दल लिहिलं नाही तर नागपूरचे उद्योजक मला सोडणार नाहीत, म्हणून लिहितो. छत्तीसगडमध्ये वीज स्वस्त, इथे महाग, विदर्भ-मराठवाड्याला मिळणारी सवलत असून नसल्यासारखी, हे इथल्या प्रत्येक बैठकीतलं पहिलं वाक्य. रोलिंग मिलवाल्यासाठी किंवा फर्नेसवाल्यासाठी ते शंभर टक्के खरं आहे, त्यांचं जगणं-मरणं युनिटच्या दरावर. पण या कारखान्याचं वीजबिल महिन्याला १ लाख १० हजार, विक्रीच्या २.२ टक्के. उद्या वीज एक रुपयाने स्वस्त झाली तरी पाच माणसं कामावर येणार नाहीत. रेपो रेटचंही तसंच. फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये मिळून अर्धा टक्का कमी झाला, टीव्हीवर मोठ्या बातम्या, यांच्या पूर्ण लिमिटवर महिन्याला वाचले ५ हजार. उशिराची किंमत १ लाख ८ हजार.

त्या ६१ लाखांचं गणित

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. "ऑर्डर घ्यायला घाबरतात" असं म्हणणाऱ्या माणसाने एकदा हे मांडून बघावं.

४,२०० रोलरसाठी पाइप, शाफ्ट, बेअरिंग, हाउसिंग मिळून माल लागणार ४५ लाखांचा, त्यावर जीएसटी ८ लाख १० हजार. विक्रीवरचा जीएसटी १० लाख ९८ हजार, त्यातून क्रेडिट वजा जाऊन २ लाख ८८ हजार सरकारला भरायचे, आणि तेही बिल फाडलं त्याच्या पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत, समोरच्याने पैसे दिले असोत की नसोत. पाच माणसांचे चार महिन्यांचे ४ लाख २० हजार. वीज, ग्रीस, गॅस, वेल्डिंग वायर, गाडीभाडं मिळून ४ लाख. सगळं मिळून ६४ लाखांच्या वर रक्कम बाहेर जाणार. आणि पहिल्या लॉटचे पैसे यायला १२० दिवस, म्हणजे चार महिने, म्हणजे शेवटचा लॉट गाडीत चढेपर्यंत पहिल्याचा रुपया आलेला नसणार. पाइपवाला ३० दिवस थांबतो, त्यानंतर महिना दीड टक्का लावतो. बँकेचं लिमिट आधीच आटलेलं. उरतो खासगी फायनान्स, महिना दोन टक्के.

नफा? ६१ वजा ४५ वजा ४.२ वजा ४, राहिले ७ लाख ८० हजार. त्यातले ६ लाख १० हजार रिटेन्शनमध्ये अडकणार. उरलेल्या १ लाख ७० हजारात खासगी फायनान्सचं व्याज भागवायचं, ते भागतच नाही.

मालकांनी हे असं कागदावर कधी मांडलं नव्हतं. पण त्यांना ते माहीत होतं, जसं रोलर फिरवून बेअरिंग कळतं तसं. मला मात्र दोन तास लागले.

माणसं घेण्याचा प्रश्नही वाटतो तेवढा सोपा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे भंडारा-गोंदियाकडे धानकापणी, तिकडची पोरं गावाला. चांगला वेल्डर पुण्याला चाकणला जायला बघतो, मालकांचा स्वतःचा मुलगाही मेकॅनिकल करून तिकडेच आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एक आयटीआयचा मुलगा मिळाला होता, त्याचे ८ हजार सरकार देत होतं, मुलगा हुशार निघाला, पण शिकाऊ माणसाच्या हातात दोन्हीकडून वेल्ड होणारं मशीन चार महिन्यांच्या डेडलाइनला देता येत नाही. आणि मस्टरवर घ्यायचं म्हटलं की २४० दिवसांची भीती. एक वर्ष काम भरलं की माणूस काढताना नोटीस, भरपाई, हे सगळं. मी सांगितलं की एवढ्या छोट्या युनिटला भरपाईची रक्कम फार मोठी नसते. ते म्हणाले रकमेचं नाही. त्यांचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा हे कॉलेजात होते. "पोट्टे घेतले अन् फेब्रुवारीत पैसे नाही आले तं त्याईले काय रोलर खाऊ घालू? माणसाले काढताना त्याच्या तोंडाकडे पाहावं लागते भाऊ." यावर मला उत्तर सुचलं नाही.

पुढे काय झालं

मालकांनी एन्क्वायरीला उत्तर पाठवलं, ३० टक्के ॲडव्हान्स द्या तर ४,२०० करतो. समोरून आठ दिवस काही नाही. मग फोन, ॲडव्हान्सची आमची पॉलिसी नाही. मग परत फोन. शेवटी १,४०० रोलर २० टक्के ॲडव्हान्सवर ठरले, बाकीचं काम रायपूरकडे गेलं असं मागाहून कानावर आलं. १,४०० रोलर आहे त्या माणसांत, ओव्हरटाइम करून, रात्री नऊपर्यंत मशीन चालवून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निघाले. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, म्हणजे तेही काही स्वस्तात पडलं नाही. त्यात एक जुना वेल्डर, अकरा वर्षांचा, रोजच्या नऊला कंटाळून सोडून गेला. मामा अजून त्याचं नाव काढतात. मी मालकांची बाजू घेतोय असं वाटेल, पण हे नुकसान खरं आहे, आणि ते माझ्या कोणत्याच तक्त्यात बसत नाही.

मधल्या काळात शहर जोरात होतं. डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळाचा शपथविधी नागपुरात, लगेच १६ तारखेपासून हिवाळी अधिवेशन, सिव्हिल लाइन्समधल्या भिंती रंगल्या, हॉटेलवाले, टॅक्सीवाले, केटरिंगवाले खूश. फेब्रुवारीत ॲडव्हांटेज विदर्भ हा उद्योग मेळावा झाला, मालक एक दिवस जाऊन आले, पिशवीभर कार्डं आणि एक खादीचा जॅकेट घातलेला फोटो. अमरावती रोडला दारूगोळ्याचे कारखाने, मिहानमध्ये आयटीवाले, त्यांचं वेगळंच चाललंय. नागपूरचा मूड कसा आहे म्हणून कोणी विचारलं तर मी आधी विचारतो, कोणत्या रस्त्यावरचा?

मार्चमध्ये ठरल्याप्रमाणे सगळं एकदम आलं, पण १७ तारखेला शहरातल्या महाल भागात दंगल झाली आणि शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली. यांची चार माणसं त्याच भागातली, पाच दिवस येऊ शकली नाहीत, गांधीबागेतल्या ज्या दुकानातून बेअरिंग येतात ते बंद. नेमका तो आठवडा असा की माल ३१ च्या आत पोचला तरच समोरचा बिल या वर्षात घेणार. कसंबसं झालं. २७ ते ३१ मार्चमध्ये १ कोटी ३ लाख जमा झाले, मालकांनी पहिल्यांदा पाइपवाल्याचे दिले, मग खासगीचे, मग बँकेत टाकले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन नवी पोरं लागली, ठेकेदाराकडून. मामांच्या वहीत पेन्सिलीने. मागितली होती पाच.

१ एप्रिल २०२५ पासून एमएसएमईची व्याख्या बदलली, १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असली की मायक्रो, म्हणजे आमचा कारखाना स्मॉलचा मायक्रो झाला. उद्यम सर्टिफिकेट अपडेट करून घेतलं का म्हणून मी फोन केला होता. ते म्हणाले आधी हे ऐका, तो संघटनेचा फॉर्म परत आला आहे, आज शेवटची तारीख, मी गाडी लोड करून राहिलो, तुम्हीच भरून टाका. मी विचारलं काय लिहू, परिस्थिती सुधारेल, बिघडेल की तशीच?

मागे ट्रकचा रिव्हर्स हॉर्न वाजत होता. "मागच्या टाइमले काय लिहिलं होतं आपण? तेच टाकून द्या ना."